"फादर, किती दिवस रडायचं असतं?"



नोव्हेंबर महिना लागला की आपल्या दफनभूमीला जाग येते. एरवी तिकडे न फिरकणारी माणसेही हातात झाडू, पाण्याची बाटली आणि झेंडूच्या माळा घेऊन येतात. पावसाळ्यात माजलेले गवत उपटले जाते, काळवंडलेल्या क्रुसांना पांढरा रंग बसतो. २ नोव्हेंबरच्या संध्याकाळी, सर्व मृत भाविकांच्या स्मरणदिनी, मेणबत्त्या लागल्या की ती जागा जराही भयाण वाटत नाही. मला तर ते आपल्या धर्मग्रामातले सर्वांत मोठे कुटुंबसंमेलन वाटते.

या तयारीच्या दिवसांत एक गृहस्थ मला तिथे भेटले. त्यांच्या परवानगीने हे लिहीत आहे, नाव मात्र लिहीत नाही. पत्नीला जाऊन दोन वर्षे झाली. ते कबरीच्या कडेला बसून पाटीवरची अक्षरे जुन्या टूथब्रशने घासत होते. थोडे इकडचे तिकडचे बोलणे झाले आणि मग मान खाली घालूनच त्यांनी विचारले, "फादर, किती दिवस रडायचं असतं? मुलगा म्हणतो, पप्पा, आता पुरे. इथलेच एकजण म्हणाले, एवढं रडणं म्हणजे देवावर विश्वास नसल्यासारखं आहे. तुम्ही सांगा, ख्रिस्ती माणसानं किती दिवस रडावं?"

त्यांच्या शर्टाच्या खिशात एक पत्र होते. ते आपल्याच कार्यालयाचे, माझ्या सहीचे. त्याविषयी पुढे सांगतो. त्या वेळी मी त्यांच्याशेजारी बसलो, एवढेच. उत्तर देता आले नाही. जे तेव्हा सुचले नाही ते आज लिहीत आहे.

संत योहानाच्या शुभवर्तमानाचा अकरावा अध्याय आपण दफनविधीच्या वेळी पुष्कळदा ऐकतो. बेथानी गावातला लाझरस मरतो. येशूला निरोप पाठवलेला असतो, तरी तो वेळेवर येत नाही. तो पोचतो तेव्हा कबरीत चार दिवस होऊन गेलेले असतात. मार्था त्याला वाटेतच गाठते आणि तोंडावर सांगते की, तू इथे असतास तर माझा भाऊ गेला नसता. थोड्या वेळाने मरियाही तेच बोलते. दोघी बहिणींची एकच तक्रार. घरात चार दिवस हेच बोलणे चालले असणार. "डॉक्टर लवकर आले असते तर", "दुसऱ्या हॉस्पिटलात नेलं असतं तर", "त्या दिवशी मी त्यांना जाऊच दिलं नसतं तर". हे "तर" आपल्या घरांतही रात्री दोन वाजता जागे होतात.

येशू त्यांच्यावर रागावला का? देवाला असे बोलू नये, असे त्याने सांगितले का? नाही. मार्थेशी तो पुनरुत्थानाविषयी बोलला, कारण मार्थेला बोलायचे होते. मरिया पायाशी पडून रडू लागली तेव्हा त्याने फक्त विचारले की, त्याला कुठे ठेवले आहे. आणि मग येशूच्या स्वतःच्या डोळ्यांतून पाणी आले.

माझ्या बंधू-भगिनींनो, इथे जरा थांबा. थोड्याच वेळात लाझरस कबरीतून बाहेर येणार आहे, हे येशूला ठाऊक होते. तरी तो रडला. पुनरुत्थानावर त्याचा विश्वास कमी होता, असे कोणी म्हणेल काय? मग आपल्या रडण्यावरून आपला विश्वास कोणी का मोजावा?

संत पौलाच्या थेस्सलनीकाकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राचा दाखला या बाबतीत लोक हमखास देतात आणि बहुधा अर्धाच देतात. "शोक करू नका" एवढेच पौलाने सांगितले असते तर गोष्ट वेगळी होती. ज्यांना काहीच आशा नाही त्यांच्यासारखा शोक करू नका, असे तो सांगतो. म्हणजे आशा धरूनही शोक असतोच. आशा आहे म्हणून शोक बंद, असा व्यवहार पौलाने मांडलेला नाही.

मी हे मोठ्या तोऱ्यात लिहीत असलो तरी मला ते उशिरा कळले आहे. नवीन धर्मगुरू असताना, दुसऱ्या एका धर्मग्रामात, एकोणीस वर्षांच्या एका मुलाचा दफनविधी माझ्याकडे आला. गर्दीच्या लोकलमधून पडून गेलेला मुलगा. त्या दिवशीच्या प्रवचनात मी म्हणालो की, देव आपल्या बागेसाठी सुंदर फुले आधी खुडतो. मला ते वाक्य आवडले होते. लोकांनाही आवडले, दोघातिघांनी तसे सांगितले. महिन्याच्या मिस्सेनंतर त्या मुलाची आई साक्रिस्टीच्या दारात येऊन उभी राहिली. आवाज न चढवता म्हणाली, "फादर, देवाला फुलांची एवढी टंचाई आहे का, की माझं एकुलतं एक न्यावं लागलं?"

माझ्याकडे उत्तर नव्हते. त्यानंतर ती बाई चर्चला यायची बंद झाली. कारण मीच होतो. तिच्या मुलाला देवाने फूल म्हणून तोडले, असे मी देवाच्या नावावर खपवले होते. देव कोणाच्या घरातली मुले खुडत हिंडत नाही. बेथानीत तो कबरीपाशी रडणारा आहे.

तिला परत आणले ते मी नव्हे. त्याच चाळीतली एक म्हातारी दर मंगळवारी तिच्याकडे जाऊन बसायची. बोलायची फार थोडे. दोघी मिळून भाजी निवडायच्या. मी एकदा त्या आजींना विचारले की, तुम्ही तिला काय सांगता? त्या म्हणाल्या, "काय सांगणार फादर? मेथी निवडते." दीड वर्षाने एका रविवारी ती आई शेवटच्या बाकावर येऊन बसली. माझ्याकडे तिने पाहिले नाही आणि ते ठीकच होते.

पवित्र शास्त्रात ईयोबाचे तीन मित्र आहेत. ते बदनाम आहेत, पण त्यांचे एक कौतुक करायला हवे. आले तेव्हा ते ईयोबाबरोबर सात दिवस सात रात्री जमिनीवर बसले आणि एक शब्दही बोलले नाहीत. तिथवर त्यांचे अगदी बरोबर होते. पुढे त्यांनी तोंड उघडले आणि हे तुझ्यावर का आले याची कारणे द्यायला सुरुवात केली, तिथे सारे बिघडले.

आता आपल्या उपनगरांच्या एका दुःखाबद्दल. ११ जुलै २००६, मंगळवार. चर्चगेटहून निघालेल्या सात लोकल गाड्यांच्या पहिल्या वर्गाच्या डब्यांत संध्याकाळी ६ वाजून २४ मिनिटांपासून सुमारे अकरा मिनिटांत सात स्फोट झाले. माटुंगा रोड, माहीम, वांद्रे, खार, जोगेश्वरी, बोरिवली, मीरा रोड ही आपल्या रोजच्या येण्याजाण्याची स्थानके. १८० हून अधिक माणसे गेली, आठशेच्या आसपास जखमी झाली. ती सगळी घरी निघालेली माणसे होती. सकाळी डबा घेऊन बाहेर पडलेली, कोणी दूध आणायला सांगितलेली, कोणी मुलाच्या अभ्यासासाठी लवकर ये म्हणून बजावलेली. तुमच्यापैकी अनेकांना ती रात्र आठवत असेल. मोबाईल लागत नव्हते. माणसे भगवतीपासून कूपर, सायन, केईएमपर्यंत एकेका रुग्णालयात नावांच्या याद्या वाचत फिरत होती.

त्या संध्याकाळी रुळांशेजारच्या वस्त्यांतील लोक आधी धावले. झोळी करायला त्यांनी घरातल्या चादरी आणल्या. कोणाची जात, कोणाचा धर्म, हे कोणी विचारले नाही. पावसाळा होता, बहुतेकांच्या घरात चादरी दोनचारच असतील. त्यातल्या किती परत आल्या असतील कोण जाणे.

हे आज का सांगतो? त्या घरांतल्या शोकाला कोणी मुदत घालून दिली असती तर ती कधीच उलटून गेली असती. २०१५ मध्ये विशेष न्यायालयाने बारा जणांना दोषी ठरवले. "चला, न्याय झाला" असे तेव्हा पुष्कळांनी म्हटले. २१ जुलै २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने त्या बाराही जणांची निर्दोष मुक्तता केली. राज्य शासन सर्वोच्च न्यायालयात गेले. निकालाच्या बऱ्यावाईटाविषयी बोलणे हे या पानाचे काम नाही. पण एकोणीस वर्षांनी ज्यांना पुन्हा टीव्हीसमोर बसून तीच तारीख, तीच स्थानके, तेच डबे पाहावे लागले, त्यांच्या घरी त्या रात्री काय झाले असेल? तिथे जाऊन कोणी "आता पुरे" म्हणू शकेल?

स्फोटाचे दुःख मोठे आणि हॉस्पिटलात वयोमानाने गेलेल्या माणसाचे लहान, असे मात्र मी म्हणत नाही. घरातली रिकामी खुर्ची सगळीकडे सारखीच रिकामी असते.

आपल्या वाडवडिलांना हे ठाऊक होते. म्हणून त्यांनी शोकाला पायऱ्या करून ठेवल्या. माणूस गेले की घरी रोज संध्याकाळी रोझरी. सातव्या दिवसाची मिस्सा. महिन्याची मिस्सा. वर्षाची मिस्सा. वर्षभर काळे कपडे. शेजारच्या घरातून येणारे जेवण. आपल्या तरुण मंडळींना यातले काही जुनाट वाटते आणि वर्षभर काळे घालण्याची सक्ती मलाही नको वाटते, विशेषतः ती फक्त बायकांवर असते तेव्हा. पण त्या काळ्या कपड्यांचा एक उपयोग होता. बाजारात, बसस्टॉपवर, समोरच्याला न सांगता कळायचे की, या बाईशी जरा हळू बोलावे. आता चौथ्या दिवशी माणूस कामावर जातो आणि लिफ्टमध्ये कोणालाच काही कळत नाही.

करोनाच्या काळात तर या पायऱ्याच काढून घेतल्या गेल्या. मार्च २०२० मध्ये चर्चची दारे बंद झाली. महाराष्ट्रातली प्रार्थनास्थळे पुन्हा उघडली ती नोव्हेंबरात, दिवाळीच्या पाडव्याला आणि २०२१ च्या दुसऱ्या लाटेत परत बंद झाली. अंत्यविधीला वीस माणसांची मर्यादा. अनेकांना आईचा, वडिलांचा चेहराही पाहता आला नाही. काहींनी मोबाईलच्या पडद्यावर दफन पाहिले. त्या घरांना मी आज मुद्दाम सांगतो. तुमचे रडायचे राहून गेले असेल तर ते आता येणे साहजिक आहे. तुमच्या माणसासाठी मिस्सा सांगायला पाच-सहा वर्षांचा उशीर झाला असे समजू नका. मृतांसाठी प्रार्थना करण्याची आपल्या ख्रिस्तसभेची रीत फार जुनी आहे, मक्काबींच्या दुसऱ्या ग्रंथातही तिचा आधार सापडतो आणि त्या प्रार्थनेला कोणतीही शेवटची तारीख नाही.

संत अगस्तीन यांची आई, संत मोनिका, इ. स. ३८७ मध्ये रोमजवळ ओस्तिया इथे वारली. अगस्तीन तोवर विद्वान म्हणून नावाजलेले होते. त्यांनी आईचे डोळे स्वतः मिटले आणि आपले अश्रू जोर लावून आवरले. ख्रिस्ती मरणाला रडणे शोभत नाही, असे त्यांना वाटत होते. आपल्या रडणाऱ्या मुलालाही तिथल्यांनी गप्प केले, हे त्यांनीच लिहून ठेवले आहे. दफन झाले तरी डोळ्यांत पाणी नाही. मन हलके व्हावे म्हणून ते स्नानाला गेले, तरीही काही फरक पडला नाही. मग झोपले, जागे झाले आणि अंथरुणावर एकटे असताना एकदाचे रडले. पुढे आपल्या पुस्तकात त्यांनी हे देवासमोर कबूल केले. मला वाटते, आपल्यातील पुष्कळ पुरुषांची गोष्ट अशीच आहे. बाथरूमचा नळ सोडून रडणारे पुरुष मी पाहिलेले नाहीत, पण त्यांच्या बायकांनी मला त्यांच्याविषयी सांगितले आहे.

आता काही अगदी साध्या गोष्टी. ज्यांच्या घरी असे घडले आहे त्यांना महिन्याच्या मिस्सेपर्यंत माणसांची कमी नसते. खरी निर्जन वेळ त्यानंतर येते. पाहुणे गेलेले, फुले सुकलेली आणि कागदपत्रे मात्र सुरू झालेली. मृत्यूची नोंद एकवीस दिवसांच्या आत, मग दाखल्याच्या प्रती, बँक, पेन्शन, सोसायटीचे शेअर सर्टिफिकेट, गॅसचे नाव. प्रत्येक खिडकीवर विधवेने "ते वारले" हे शब्द पुन्हा उच्चारायचे. तुम्हांला सांत्वन जमत नसेल तर जमू नये, काही बिघडत नाही. त्या रांगेत तिच्याबरोबर उभे राहा. "काही लागलं तर सांगा" असे म्हणून जाऊ नका. कोणी सांगत नाही. बुधवारी अकरा वाजता येतो, बँकेत जाऊ, असे म्हणा आणि बुधवारी अकराला जा. गेलेल्या माणसाचे नाव घ्यायला घाबरू नका. ते नाव ऐकून घरच्यांना रडू आलेच तर तुम्ही ते आणलेले नसते, ते तिथे होतेच.

आणखी एक. काहींचा शोक दिवसेंदिवस अधिकच घट्ट होत जातो. झोप नाही, अन्न नाही, जगण्यातच अर्थ वाटत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या सूचीतही आता अशा लांबलेल्या, माणसाला जायबंदी करणाऱ्या शोकाची नोंद आहे. अशा वेळी डॉक्टरांकडे जाणे हे पाप नाही आणि विश्वासाचा पराभवही नाही. शासनाच्या टेली-मानस सेवेचा क्रमांक १४४१६ आहे, तिथे मराठीतही बोलता येते. माझे दार तर आहेच. मी आता फुलांची वाक्ये बोलत नाही.

आता त्या पत्राकडे येतो. मुंबईत जागा किती अपुरी आहे, हे तुम्ही जाणता. आपल्याकडे ज्यांच्या कायमच्या कबरी नाहीत त्यांच्या कबरी साधारण दोन वर्षांनी उघडाव्या लागतात. अस्थी काढून भिंतीतल्या कोनाड्यात ठेवल्या जातात आणि ती जागा दुसऱ्या कोणाला तरी मिळते. हे टाळता येण्यासारखे नाही. उद्या आपल्यालाही कोणाची तरी सोडलेली जागाच मिळणार आहे. पण ज्यांच्या घरी ते पत्र जाते त्यांच्यासाठी तो दुसरा निरोप असतो. पहिल्या वेळी आजूबाजूला शंभर माणसे होती. या वेळी घरचे दोघे, खणणारा आणि एखादी पिशवी. आपल्या छापील पत्रात कबरीचा क्रमांक असतो, तारीख असते, शुल्क असते. बाईंचे नाव त्या पत्रात एकदाच होते, तेही चुकीच्या अक्षरात. सही माझीच. वर्षानुवर्षे मी त्या पत्रांवर सह्या करत आलो आणि ते कोणाच्या खिशात जाऊन बसते याचा कधी विचार केला नाही.

त्या गृहस्थांना मी विचारले, त्या दिवशी तुमच्याबरोबर कोण असेल? म्हणाले, "मुलाला सुट्टी नाही. मीच येईन."

धर्मग्राम परिषदेच्या बैठकीत हा विषय मी मांडला आणि दोन गोष्टी ठरल्या. या महिन्यापासून असे पत्र पोस्टाने जाणार नाही. त्या विभागातले दोघे जण ते हाताने घेऊन जातील, घरात बसतील आणि गेलेल्या माणसाविषयी घरच्यांना जे सांगायचे असेल ते ऐकतील. कबर उघडण्याच्या दिवशी धर्मगुरू आणि विभागातले निदान चौघे तिथे हजर राहतील, प्रार्थना म्हटली जाईल, अस्थी स्वच्छ पांढऱ्या कापडात ठेवल्या जातील. कापड घरून आणायचे असेल तर आणावे. ते गृहस्थ पत्नीची एक साडी आणणार आहेत. चालेल का, असे त्यांनी विचारले. चालेल.

या कामासाठी ज्यांना नाव द्यायचे आहे त्यांच्यासाठी चर्चच्या मागच्या दाराशी वही ठेवली आहे. तिच्याच शेजारी दुसरी वही आपल्या मृतांच्या नावांसाठी आहे. या महिन्यातल्या प्रत्येक मिस्सेत ती नावे वाचली जातील. नावे कृपया सुवाच्य अक्षरांत लिहा. मला ती नीट उच्चारायची आहेत.

तुमचा,
फादर